मेंढातोफेच्या खेपा

हर्सूल, छत्रपती संभाजीनगर
१२ डिसेंबर २०२४

सौ. वच्छलाबाई विहीणबाईंना करुणाचा जय भीम.

आधी दम खाते, मग लिहिते. दगडाबाई तुमच्या बांगड्या घेऊन दारात उभ्या राहिल्या तेव्हा मी नुकतीच दवाखान्यातून ड्यूटी करून आले होते. एका हातात पालकाची जुडी, पायात अजून चपला. हिरव्या बांगड्या बघून ज्ञानेश्वरी आधी हसली, मग रडली, मग पुन्हा हसली आणि मग उलटी करायला मोरीकडे पळाली. तिसऱ्या महिन्यात आई लेकीची चोरओटी भरते हे मला ठाऊक होतं, पण ती इतकी खरोखर चोरून भरलेली मी पहिल्यांदाच पाहिली!

विहीणबाई, पोरांच्या लग्नाला दीड वर्ष होऊन गेलं आणि आपण दोघी एकमेकींच्या दारातसुद्धा गेलेलो नाही. तुम्ही धनगर, आम्ही बौद्ध. पोरं बिडकीनच्या एकाच कारखान्यात, एकाच कँटीनमध्ये, एकाच ताटात जेवत होती, त्यांना काही झालं नाही. पण तुमच्या मालकांनी नोंदणी कचेरीच्या दारात सगळ्यांदेखत सांगितलं, ‘त्या घरचं पाणीबी घोटणार नाय.’ तेव्हापासून लेकीचं नाव तुमच्या घरात निघत नाही, हे मला ज्ञानेश्वरीनं सांगितलं. मला त्याचं वाईट वाटतं. आता लिहून मोकळी झाले.

तर आता भांड्याविषयी. माहेरचं माणूस दारातून रिकामं कसं जाऊ द्यायचं? डबा शोधायला गेले तर घरातले झाडून सगळे डबे आमच्या बुद्धभूषणनं, तुमच्या जावयानं, बिडकीनला नेलेले. दगडाबाईंना अजिंठ्याची बस गाठायची घाई. शेवटी गॅसवरून उतरवलेली खिचडी भांड्यासकट दिली, टॉवेलमध्ये गुंडाळून. हे पत्र झाकणाच्या मुठीला पिशवीत बांधलंय.

भांडं बघून घाबरू नका. ते बिडाचं आहे, आपल्या जुन्या तव्याचं असतं ना, तेच बीड. खोक्यावर ‘डच ओव्हन’ लिहिलं होतं. ज्ञानेश्वरीनं मला वाढदिवसाला दिलं. आमच्या ह्यांनी, म्हणजे तुमच्या व्याह्यांनी, ते पहिल्यांदा उचललं आणि म्हणाले, ‘ही तर दौलताबादची मेंढातोफ!’ तेव्हापासून तेच नाव. मी संध्याकाळी घरी येते तेव्हा पायांचे खांब झालेले असतात. कुकर, कढई, पातेलं अशी वरात कोण काढणार? मेंढातोफेत लसूण-जिऱ्याची फोडणी, मूग, थोडे तांदूळ, पालक, गाजर, मूठभर शेंगदाणे आणि अंगणातला कढीपत्ता टाकायचा, झाकण लावायचं आणि आपण पाय वर करून बसायचं. अर्ध्या तासात जेवण. ह्यांची साखर ताब्यात राहते, ज्ञानेश्वरीच्या अंगाला लोह लागतं आणि घासायला भांडं एकच.

पुढच्या गुरुवारी दगडाबाई माल घ्यायला येतील तेव्हा परत पाठवा. घाई नाही.

तुमची,
करुणा

*

अजिंठा
१८ डिसेंबर २०२४

करुणाताई विहीणबाईंना वच्छलाचा रामराम.

भांडं पोचलं. दगडाबाईनं ते माझ्या ओट्यावर आदळलं आणि म्हणाली, ‘माझ्या नावात दगड हाय म्हनून डोक्यावर लोखंड द्यायचं व्हय?’ तिला चहा पाजला तेव्हा शांत झाली. ती बांगड्यांची दुकानदारीण, तिच्या जिभेला हाड नाही. म्हणून मी पत्र लिहिते. घरात फोन एकच, तो मालकांच्या खिशात, आणि मालक मेंढरांमागं. दगडाबाईच्या फोनवर बोललं की निम्म्या अजिंठ्यानं ऐकलं समजा. मी सातवी शिकलेली आहे, अक्षर बरं आहे, मग कशाला कुणाचं ऐकायचं?

तुमची खिचडी मालकांना वाढली. कुठून आली ते सांगितलं नाही. बाजारात नवं पातेलं घेतलं, त्यात केली, एवढंच मी म्हणाले. कढीपत्ता तेवढा एकेक पान निवडून कोंबड्यांना टाकला, कारण आमच्या दारातलं झाड शेळ्यांनी कधीच फस्त केलंय. मालकांनी दोनदा मागून घेतली. मग बोटं चाटत म्हणाले, ‘आज हात बरा लागला तुझा.’ विहीणबाई, इतकी वर्षं मी ह्या माणसाला रांधून घालते आहे. हसावं की लाटणं घ्यावं कळेना.

एक गुन्हा झाला आहे. भांडं आतून काळंकुट्ट दिसलं. मला वाटलं, विहीणबाई कामाच्या रगाड्यात, घासायला वेळ कुठला? म्हणून राख आणि विटकरीचा चुरा घेऊन दुपारभर घासलं. आरशासारखं लख्ख केलं. सकाळी बघते तर सगळ्या भांड्यावर तांबूस गंज! करायला गेले गणपती आणि झाला मारुती. रागावू नका.

आणि रिकामं भांडं मी परत धाडणार नाही. आमच्यात रिकामं भांडं धाडणं म्हणजे नातं पुसून धाडणं. म्हणून हरभऱ्याची कोवळी भाजी घालून ज्वारीच्या कण्या शिजवल्या आहेत. एका भांड्यातल्याच. साखरेला चांगल्या. ज्ञानाला सांगा, आईनं पाठवल्यात.

तुमची,
वच्छला

*

हर्सूल
१९ डिसेंबर २०२४

प्रिय विहीणबाई,

दगडाबाई गुलमंडीवर मालाला गेल्यात, त्या परत यायच्या आत लिहिते आहे आणि एका हातानं भांडंही ढवळते आहे. अक्षर लागलं नाही तर माफ करा.

अहो, तो काळा थर मी चार महिने तेल पाजून पाजून कमावला होता! तो असला की अन्न चिकटत नाही. तुमचं पत्र मोठ्यानं वाचलं तेव्हा आमचे हे खुर्चीतून घसरायचे बाकी राहिले. म्हणाले, ‘तोफेला विहिणीनं आंघोळ घातली!’ ज्ञानेश्वरी हसून हसून भिंतीला टेकली. महिन्याभरात पहिल्यांदा ती अशी हसली, तेव्हा तुमचा गुन्हा माफ. पुन्हा तेल लावून तापवलं आहे. आता साध्या गरम पाण्यानं धुवा, पुसा, तेलाचं बोट फिरवा. विटकर दिसली तरी तोंड फिरवा.

कण्या अप्रतिम. ह्यांनी आजारी माणसाचं जेवण म्हणून नाक मुरडलं आणि मग भांड्याच्या कडा खरवडल्या.

पण विहीणबाई, तुम्ही मला पेचात टाकलं. आता मी तरी रिकामं कसं पाठवू? आमच्या आईनंही हेच शिकवलं आहे. म्हणून मसूर आणि दुधीभोपळ्याची खिचडी करते आहे. कुणीतरी हरल्याशिवाय हे थांबायचं नाही, आणि मी हरणाऱ्यातली नाही. मेंढातोफ माझी, पण आठवडाभर नांदणार तुमच्याकडे आणि माहेरपणाला येणार फक्त गुरुवारी दुपारी!

आता खरं बोलते. ज्ञानेश्वरीच्या पोटात काही ठरत नाही. मी इतक्या बायकांची बाळंतपणं पाहिली, पण घरातली पोर वाळायला लागली की नर्सचीही सासू होते. वजन वाढायच्या ऐवजी उतरलंय. काय खावंसं वाटतं विचारलं तर एकच उत्तर, ‘बा रानात करायचा ती बाजरीची खिचडी.’ मी तीनदा केली. तीनही वेळा तिनं प्रेमानं ताट सरकवलं. त्यात भिकनराव काय घालतात, तेवढं कळवा.

करुणा

*

अजिंठा
८ जानेवारी २०२५

करुणाताईंना रामराम.

मागच्या दोन गुरुवारी दगडाबाईनं बस धरली नाही, तिच्या घरी पाहुणे होते. मी तोफेकडे बघत बसले होते.

त्या खिचडीत काय असतं ते मला माहीत नाही. खरंच नाही. ती मालकांची रानातली विद्या. पावसाळा सरला की वाड्यावर, म्हणजे रानातल्या मेंढरांच्या मुक्कामाला, ते एकटे असतात, मधूनमधून घरी येतात. तीन दगडांवर शिजवतात आणि बाईमाणसाला जवळ फिरकू देत नाहीत. ज्ञाना लहानपणी सुट्टीत त्यांच्याबरोबर जायची, म्हणून तिला ठाऊक.

सरळ विचारलं असतं तर ‘कशाला पायजे?’ आलं असतं. म्हणून सोंग केलं. मनगट लचकलं म्हणून पदराची चिंधी बांधली, तोफ डोक्यावर घेतली आणि वाड्यावर गेले. लचकलेल्या हाताची बाई एवढं धूड डोक्यावर कशी आणते, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. निदान बोलले तरी नाहीत.

करुणाताई, मग काय सांगू! त्यांनी तोफ फिरवून फिरवून पाहिली, कोकराचे दात बघतात तशी. झाकणाचा वर आलेला काठ बोटानं चाचपला आणि म्हणाले, ‘ह्यो काठ कशाला दिला असंल?’ तुमचे हे त्या काठात पापड ठेवतात असं तुम्ही ज्ञानाकडून दगडाबाईला सांगितलं होतं, ते माझ्या ओठावर आलं होतं. गिळलं. त्यांनी दगडांमधले निखारे उचलले आणि झाकणावर त्या काठाच्या आत रचले. खालून जाळ, वरून निखारे. ज्ञानाच्या लहानपणी ते जर्मनच्या पातेल्यावर परात पालथी घालून हेच करायचे आणि निखारे घरंगळले की शिव्या द्यायचे. आज शिव्या नाहीत. खूश होऊन म्हणाले, ‘हे भांडं करनारा मानूस मेंढपाळ असनार.’

आत भरडलेली बाजरी, हुलगे, मीठ, हळद आणि लसणाचे अख्खे गड्डे, न सोलता, मधोमध पुरलेले. शिजल्यावर लसूण लोण्यासारखा दाबून काढतात. एवढंच. तेल सुद्धा नावाला.

निम्मी मी तोफेतच राखून आणली आहे, तीच आज धाडते. ‘उरलेली कुठं गेली?’ त्यांनी विचारलं तर मी म्हणाले, कुत्र्यानं खाल्ली. मालक माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘अन् झाकन परत लावून ठिवलं व्हय कुत्र्यानं?’ चोराच्या मनात चांदणं.

वच्छला

*

हर्सूल
९ जानेवारी २०२५

विहीणबाई,

खिचडी पोचली. पोचली म्हणजे काय, झाकण काढलं तर आत वीट! दगडाबाई म्हणाल्या, कुदळ आणा. ह्यांनी उलथनं घातलं तर उलथनं वाकलं. पाणी घालून ऊन केली, आणि ज्ञानेश्वरीनं एक घास घेतला.

तिनं डोळे मिटले. मग म्हणाली, ‘बाचीच हाय.’ दुसरा घास घेतला आणि खाली ठेवला. ‘आई, ही गार झाली की मरते. बा जाळावरनं थेट हातावर वाढायचा. फुंकर मारून.’ तिला काही तुमचा-आमचा रुसवा काढायचा नव्हता हो, साधं सांगत होती. पण मी स्वयंपाकघरात जाऊन पाच मिनिटं उगाच कांदा चिरला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्यात, पंधरवड्यात वजन वाढलं नाही तर दाखल करून सलाईन लावू. दगडाबाई मालाला गेल्यावर मी इथं अंगणात तीन दगड मांडून निखाऱ्यांचा प्रयोग केला. बाजरी करपली, दोन शेजारणी बादल्या घेऊन धावत आल्या, आणि ह्यांनी दोरीवरच्या माझ्या ड्यूटीच्या साडीनं जाळ विझवला. घरात ओला टॉवेल नव्हता म्हणे.

आता एकच उपाय दिसतो. सोंगं पुरे. त्यांच्याशी सरळ बोला. मेंढातोफेतून मुगाच्या डाळीची वरणफळं मेथी घालून पाठवते आहे. पोट भरलेला माणूस जरा ऐकतो, असा माझा वॉर्डातला अनुभव आहे.

करुणा

*

अजिंठा
१५ जानेवारी २०२५

करुणाताई,

बोलले. भोगीच्या दिवशी बाजरीची भाकरी, लेकुरवाळी भाजी, लोणी असं सगळं वाढलं, आणि त्यांनी पहिला घास उचलल्यावर मी म्हणाले, ‘ज्ञानाला दिवस गेलेत. तिला तुमच्या हातची खिचडी खायची हाय. पोर वाळून चालली.’

घास हातात तसाच राहिला. मग त्यांनी तो ताटात ठेवला, हात धुतला आणि काठी घेऊन मेंढरांकडे निघून गेले. दारातून वळून एकदा विचारलं, ‘कितवा?’ मी म्हणाले, चौथा लागला. बस, एवढंच.

दोन दिवस बोलणं बंद आहे. माझ्यावर ओरडले असते तर बरं वाटलं असतं. मी आगीतून फुफाट्यात पडले, ताई. भोगीची भाजी तोफेत भरून धाडते, तिळाचं कूट वरून घाला.

वच्छला

*

हर्सूल
१६ जानेवारी २०२५

विहीणबाई, तुम्ही बोललात, तुमचं काम झालं. आता शांत राहा. भिकनरावांनी ‘कितवा?’ विचारल्याचं मी ज्ञानेश्वरीला सांगितलं. तिनं ते दहा वेळा माझ्याकडून म्हणवून घेतलं, आवाज बदलून बदलून. ‘नाही आई, बा असा नाही म्हणत, जरा जाड आवाजात म्हणा.’ मी जाड आवाजात म्हणाले. त्या आनंदात तिनं अर्धी भाकरी खाल्ली आणि ती ठरलीसुद्धा. तोफेत पालेभाज्यांचं पातळ पिठलं आहे, ऊन करून घ्या.

करुणा

*

अजिंठा
२१ जानेवारी २०२५, मंगळवार, सकाळ

करुणाताई, घात झाला!

मी शेण टाकून परत आले तर मालक तोफ घासत बसलेले. साध्या पाण्यानं. मी सांगितलं नव्हतं, तरी साध्या पाण्यानं! पुसली, तेलाचं बोट फिरवलं, पोत्यात घातली, दोरी बांधली आणि खांद्यावर टाकली. म्हणाले, ‘ज्याचं भांडं त्याला दिऊन येतो.’ मी आडवी झाले. मी म्हणाले, थांबा, मी काही तरी भरून देते, दोन मुठी दाणे तरी, चिमूटभर साखर तरी! ‘काय नगं. रिकामंच न्यायचंय.’ आणि एसटीत बसले.

ताई, त्यांना ठाऊक होतं की. भांडं तुमचं आहे हे त्यांना कधीपासून ठाऊक होतं देव जाणे. आता ते तुमच्या दारात रिकामी तोफ ठेवणार आणि उलट्या पावली येणार. रिकामं भांडं म्हणजे काय ते त्यांना माझ्याहून जास्त कळतं. लेकीचं नातं ते आज पुसून येणार आणि पोर ते डोळ्यांनी बघणार.

दगडाबाईच्या फोनवरून तुम्हाला लावला, तुमचा लागत नाही, ड्यूटीवर असाल. म्हणून तिला पुढच्या गाडीनं धाडते. ती कधी नव्हे ते काही न मागता पळाली. हे पत्र पोचेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असेल. ज्ञानाला जवळ धरा. मला माफ करा. कण्यांपासून पिठल्यापर्यंत आपण दोघींनी जे काही भरलं, त्याचं असं व्हायला नको होतं.

वच्छला

*

हर्सूल
२१ जानेवारी २०२५, संध्याकाळ

वच्छलाबाई, वच्छलाबाई, वच्छलाबाई!

खाली बसा. पाणी प्या. आता वाचा.

मी दुपारी तीनला घरी आले तर फाटकात पोतं खांद्यावर घेतलेला, पांढऱ्या मिशांचा, उंचापुरा माणूस. आमचे हे दारात. दोघं एकमेकांकडे नुसते बघतायत. एक म्हणतो ‘रामराम’, त्याच वेळी दुसरा म्हणतो ‘जय भीम’. मग दोघांनी अदलाबदल करून पुन्हा एकदम म्हटलं! मला हसू फुटलं आणि मी ते खोकला म्हणून खपवलं.

ज्ञानेश्वरी आतून आली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मनगटातल्या हिरव्या बांगड्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘लईच वाळलीस की.’ ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

मग त्यांनी पोत्याची दोरी सोडली, मेंढातोफ काढली आणि अंगणाच्या मधोमध ठेवली. झाकण उचलून सगळ्यांना दाखवलं. रिकामी. विहीणबाई, मला तुमचं पहिलं पत्र आठवलं. ह्यांचा चेहरा उतरला. ज्ञानेश्वरीनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

भिकनराव म्हणाले, ‘रिकामीच आनलीय. भरून आनली की तिची वीट व्हती, दगडाबाईनं समद्या गावाला सांगितलंय. ही खिचडी जिथं खायची तिथंच शिजवावी लागती.’ आणि सदऱ्याच्या खिशांतून काढायला लागले. एका खिशातून भरडलेली बाजरी, दुसऱ्यातून हुलगे आणि बंडीतून लसणाचे गड्डे. दगड कुठायत विचारलं. मी माझे करपलेले तीन दगड दाखवले. त्यांनी ते पाहिले, माझ्याकडे पाहिलं, आणि एकेक सरकवून नीट मांडले.

ज्ञानेश्वरी म्हणाली, ‘बा, तुला भांडं कुनाचं ते कवापासनं ठावं हुतं?’

‘पयल्या दिवसापासनं. तुझ्या आयनं कढीपत्ता निवडला, पर एक पान माझ्या दातात सापडलं. आपल्या दारातलं झाड शेळ्यांनी खाल्लं, म्हंजी ही खिचडी शेळ्या नसलेल्या घरची.’

‘मग खात का राहिलास?’

‘ग्वाड लागत हुती.’ आणि आमच्या ह्यांच्याकडे वळून, एकदम गंभीर होऊन म्हणाले, ‘मी पान्याचं बोल्लो हुतो. खिचडीचं काय बोल्लो नव्हतो.’

कुणी हसायचं धाडस करेना. जाळ पेटला, हळद-मीठ घरातून आलं, बाजरी-हुलगे तोफेत पडले, लसूण पुरला. आणि मग भिकनरावांचा हात थांबला. शिजवायला पाणी लागतं. पाणी आमच्या नळाचं. ते तोफेकडे बघत राहिले. जाळ वाया चालला होता.

आता आमच्या ह्यांचं डोकं बघा. पाहुणा आला की पाणी द्यायचं, एवढंच त्यांना आयुष्यभर माहीत. गडबडीत आत गेले आणि स्टीलच्या पेल्यात प्यायचं पाणी घेऊन आले. समोर धरल्यावर त्यांच्या ध्यानात आलं काय केलं ते! हात मागे घेणार, तेवढ्यात भिकनरावांनी पेला घेतला. डोक्याची टोपी काढून मांडीवर ठेवली. आणि विहीणबाई, तो पेला त्यांनी एका दमात रिकामा केला. मिशा पुसल्या. पेला ह्यांच्या हातात परत दिला आणि म्हणाले, ‘आता कळशी आना. खिचडीला.’

मग कोण रडलं ते विचारू नका. हे दोन कळशा घेऊन आले, एक पुरली असती.

झाकणावर निखारे चढले तेव्हाच दगडाबाई धापा टाकत पोचल्या, तुमचं पत्र उंच धरून, ‘थांबा! थांबा!’ असं ओरडत. त्यांना ताट वाढलं. त्या दोनदा जेवल्या.

आणि ज्ञानेश्वरी? तिनं हात पुढे केला, त्यांनी जाळावरून थेट हातावर वाढली, फुंकर मारून. चार वेळा. पोटात ठरली. सगळी ठरली. हे लिहितानाही मी दर थोड्या वेळानं मोरीकडे कान लावते आहे. काही आवाज नाही.

तोफ ते इथंच ठेवून निघाले आहेत. मी म्हणाले, रिकाम्या हातानं सोडणार नाही, तर अंगणातलं कढीपत्त्याचं रोप मुळासकट मागून घेतलं. हे पत्र त्यांच्याच खिशात दिलं आहे. आता लपवायचं कुणापासून?

तुमची,
करुणा

*

अजिंठा
२२ जानेवारी २०२५

करुणाताईंना वच्छलाचा जय भीम.

मालक रात्रीच्या गाडीनं आले. पत्र माझ्या हातात दिलं आणि मी वाचत असताना शेजारी उभे राहिले, मी कुठं कुठं रडते ते बघायला. सगळीकडे रडले, त्यांना निवड करता आली नाही. पहाटे उठून त्यांनी कढीपत्त्याला बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं आणि शेळ्यांना एकेकीचं नाव घेऊन दम दिला.

मला राहवलं नाही. चहा देताना विचारलं, ‘कसं हुतं हो त्यांच्याकडचं पानी?’

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मीच काही येडपटासारखं विचारलं. म्हणाले, ‘पानी पान्यासारखंच असतं की. दुसरं कसं असंल?’

ह्या पत्राचा फोटो दगडाबाईच्या फोनवरून आजच धाडते, आता निम्म्या अजिंठ्यानं वाचलं तरी चालेल. उद्या गुरुवार. दगडाबाईबरोबर मी येते आहे. हातात काहीही नसेल. ताट वाढून ठेवा.

तुमची,
वच्छला